रंभावर घेतलेला आळ

लिहून ठेवणार: सारजाबाई भ्र. हौसराव कोळपे, वय अंदाजे सदुसष्ट, धंदा शेती व झाडपाला, राहणार कोळपेवस्ती, न्हावरे शिवार, तालुका शिरूर, जिल्हा पुणे.

माझं वय झालं आहे. उजव्या डोळ्याने दिसत नाही, डाव्याने अंधुक दिसतं, गुडघे उचलत नाहीत. पण कालचं आणि सव्वीस वर्षांपूर्वीचं मला सारखंच आठवतं, तेव्हा बुद्धी शाबूत आहे असं धरायला हरकत नाही. हा कागद मी माझ्या खुशीने करत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. उलट माझा मुलगा मारुतराव याने हा कागद होऊ नये म्हणून आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं आहे. मला अक्षरओळख नाही. मी सांगते आणि शंकरराव गुरुजी लिहितात. गुरुजींनी आमच्या भागातल्या शाळेत अठरा वर्षं काढली, आता पेन्शनीत आहेत. ते मधेच थांबून म्हणतात, "बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणते, बसवा. याआधी मी असा कागद केलेला नाही. माझ्या मागे या कागदाप्रमाणे सगळं घडवून आणायची जबाबदारी मी गुरुजींवरच टाकते आणि त्यांनी ती पत्करली आहे.

कलम १. कोळपेवस्तीवरचं माझं राहतं घर, दोन खण माळवद, पुढची पत्र्याची पडवी आणि गोठा, हे मारुतराव आणि त्याची बायको ललिता या दोघांच्या नावे सारखं व्हावं. ललिताचं नाव मुद्दाम घातलं आहे. बाईचं नाव कागदावर नसलं की तिला एका दुपारीत घराबाहेर काढता येतं. हे मी करून पाहिलेलं आहे.

कलम २. दोन म्हशी मारुतरावाच्या. तांब्याचा मोठा हंडा आणि माझी बोरमाळ ललिताची. माझी नणंद सखूबाई हिने सासूबाईंच्या मागे त्यांचं जरीचं लुगडं नेलं ते परत आणलं नाही. त्यावरून मी पंधरा वर्षं तोंड वाजवलं, तिच्या लेकीच्या लग्नालाही गेले नाही. ते लुगडं आता तिचंच समजावं. माझं कोणी काय नेलं हे विचारण्याइतकं माझं तोंड उजळ नाही.

कलम ३. माझ्या झाडपाल्याची लाकडी पेटी ललिताला द्यावी. तिच्यात हिरडा, बेहडा, वेखंड, मुरूडशेंग, सागरगोटे, वाळवलेली निर्गुडी आणि अघाड्याच्या मुळ्या आहेत. कशाला काय लागतं ते तिला मी शिकवलं आहे. अडलेल्या बाईच्या केसांत अघाड्याची मुळी बांधतात आणि मूल बाहेर आलं की लगेच सोडतात. मुळीने बाई सुटते, की मुळी बांधली म्हणून धीर येतो आणि मग सुटते, हे मला एवढ्या वयातही कळलेलं नाही. ललिताने मुळी जरूर बांधावी, पण त्याआधी दवाखान्यातल्या नर्सबाईंना निरोप धाडावा. मीठमोहरीने दृष्ट काढून मागायला कोणी आलं तर नाही म्हणू नये. त्याने आजवर कोणी मेलं नाही. लहान मुलाचा खोकला मात्र तिने हातात घेऊ नये.

धोतऱ्याची बोंडं वेगळ्या मडक्यात होती. ते मडकं काल माझ्यासमोर ललिताने खड्डा करून पुरलं. बांधावरची धोतऱ्याची झाडं कोणी उपटू नयेत. झाडाने काही केलेलं नाही.

पेटीजवळ काळ्या दगडाचा खल आहे, तो माझा नाही. माझ्या सासूबाई पुतळाबाई यांनी जाताना तो माझी धाकटी जाऊ रंभा हिच्या ओटीत ठेवला होता. रंभा म्हणजे माझे दीर भैरू यांची बायको. ती आता दौंडला असते. खल तिला पोचवावा.

कलम ४. परडी आणि कवड्यांची माळ. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ओट्यावर माझ्या अंगात देवीचं वारं यायचं. लोक प्रश्न घेऊन यायचे, कोणाची गाय आटली, कोणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत. गुरुजींनी आत्ता मला विचारलं, "बाई, ते खरंच यायचं का?" मी खरं सांगते. पुष्कळदा माझं मलाच समजायचं नाही. अंग तापायचं, ओठ आपोआप हलायचे, नंतर काही आठवायचं नाही. ते काय होतं ते देवीला माहीत. पण एका मंगळवारी वारं आलं नव्हतं. त्या मंगळवारचं मला सगळं आठवतं, कोण कुठे उभं होतं तेसुद्धा. माळ रीतीने सुनेच्या गळ्यात जाते. ती ललिताच्या गळ्यात घालू नये. परडी आणि माळ मारुतरावाने कवठ्याला येमाईच्या पायरीवर ठेवून यावी. त्या मंगळवारानंतरही मी ती वीस वर्षं गळ्यात घातली, याची जी शिक्षा असेल ती मला एकटीला असावी.

कलम ५. जमीन. वस्तीलगतची आमची साडेपाच एकर जमीन आणि तिच्यातली विहीर माझ्या सासऱ्यांची. त्यांना मुलगे दोन. माझे यजमान हौसराव आणि धाकटे भैरू. भैरू विहिरीचा गाळ काढताना दरड अंगावर येऊन गेले. तेव्हा रंभा बावीस वर्षांची होती आणि तिची मुलगी जाई पोटात होती. पुढे रंभा वस्तीवरून गेली आणि भैरूचा अर्धा वाटा आमच्या वहितीत आला. तलाठ्याने विचारलं तेव्हा यजमानांनी "ती परागंदा झाली" असं सांगितलं. मी शेजारी बसले होते. ते गेल्यावर सगळी जमीन माझ्या नावे झाली.

मी जे केलं ते जमिनीसाठी केलं नाही. पण जमीन आली तेव्हा मी नकोही म्हटलं नाही.

या जमिनीपैकी पूर्वेकडचा अर्धा भाग, म्हणजे पावणेतीन एकर, विहिरीच्या निम्म्या पाण्यासह, मी रंभाबाई भ्र. भैरू कोळपे हिला देते. तिच्या मागे तो तिची मुलगी जाईबाई हिचा. ही देणगी नाही, ते तिचंच आहे. उरलेला अर्धा भाग मारुतरावाचा.

कलम ६. हे का करते, ते.

सासूबाई पुतळाबाई नावाजलेल्या होत्या. शिरूरपासून भीमेच्या काठापर्यंत लोक त्यांना ओळखायचे. त्यांनी आम्हा दोघी जावांना सारखंच शिकवलं. मी थोरली, मी आधी आलेली, पण हात रंभाला होता. पाला तोडायच्या आदल्या संध्याकाळी झाडाला हळदतांदूळ वाहून "उद्या येते, आवतण आहे" असं सांगायचं असतं. मी कधी सांगायची, कधी विसरायची. रंभा एकदाही विसरली नाही. मला तिचा राग यायचा. ती माझ्याशी कधी वाकडी वागली नाही, त्यामुळे जास्त यायचा.

धोतरा हे औषधही आहे आणि विषही. त्याची मात्रा सासूबाईंनी मला सांगितली नाही. म्हणाल्या, "सारजे, तुजा हात घाईचा हाय. ह्ये रंभीला ठाऊक आसू दे. लागलं तर तिला इचारत जा." त्या गेल्या. त्यांच्यामागे मी रंभाला एका शब्दानेही काही विचारलं नाही.

सन १९५१च्या मार्गशीर्षात शेजारच्या पवारवस्तीवरच्या ताईबाईच्या मुलाला डांग्या खोकला झाला. गेनू त्याचं नाव, तीन वर्षांचा, पहिलावहिला. खोकता खोकता निळा पडायचा. रंभा त्याला अडुळसा देत होती. तिने सांगितलं होतं, दिवस लागतील, धीर धरा. ताईबाईला धीर निघेना. एका सकाळी ती एकटी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, कायतरी जालीम द्या. पोराचं हाल बघवत न्हाईत. तुमी थोरल्या, तुमाला जास्त ठाऊक."

तुम्ही थोरल्या, एवढ्यावर मी उठले.

रंभा पडवीत दळत होती. मधे दहा पावलांचं अंतर होतं. जात्याची घरघर मला ऐकू येत होती. मी जाऊन विचारलं नाही. अंदाजाने धोतरा घेतला, त्याच खलात वाटला, मधात कालवला आणि ते चाटण ताईबाईच्या हातात दिलं. म्हटलं, "आत्ता एक बोट चाटव, दुपारी एक. आन् कुनाला सांगू नगंस, गुण जातो." तिने स्वतःच्या बोटाने ते मुलाला चाटवलं. मी सांगितलं तसंच, तेवढंच. यात तिचा काही दोष नाही, हे वाक्य गुरुजींनी ठळक लिहावं.

दुपारी बोलावणं आलं. गेनूचं तोंड लालभडक झालं होतं. डोळ्यांच्या बाहुल्या फुलून नुसतं काळंच दिसत होतं. तो हवेतलं काहीतरी चिमटीत धरायचा आणि मधेच हसायचा. माणसं म्हणाली, बाहेरचं लागलं. तेवढ्यात रंभा आली. तिने त्याचे डोळे पाहिले, जिभेला बोट लावलं आणि माझ्या कानाशी येऊन हळू म्हणाली, "आक्का, धोतरा दिलाय का तुमी? दिला आसंल तर सांगा. आजून येळ हाय. गाडी जुंपू, शिरूरच्या डाक्तराला काय दिलं त्ये सांगू."

मी म्हटलं, "म्या काय बी दिल्यालं न्हाई."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला पटलं नव्हतं. तरी चारचौघांत ती एक शब्द बोलली नाही. तिने गाडी जुंपायला सांगितली. गेनूचा बाप मच्छिंद्र बैल आणायला निघालाही. मी आडवी गेले. डॉक्टरने पोट तपासलं तर काय निघेल, ही भीती मला होती. मी म्हटलं, "बाहेरचं हाय, दवाखान्यात न्याल तर वाटंतच जाईल. आदी उतारा टाकू." लिंबं, कुंकू, नारळ, दहीभात, सगळं जमवून उतारा टाकेपर्यंत दोन तास गेले. दिवस मावळायच्या आत गेनू गेला.

डॉक्टरकडे नेला असता तर वाचला असता की तरीही गेला असता, मला ठाऊक नाही. ते दोन तास मात्र मी खाल्ले.

चौथ्या दिवशी मंगळवार होता. दोन्ही वस्त्यांवरची माणसं ओट्यापुढे जमली. रंभा कडेला उभी होती, जाई तिच्या कडेवर. मला वाटत होतं, ती आज बोलणार. कुठल्याही घटकेला तोंड उघडणार आणि सगळ्यांना सांगणार. तिने सांगितलं नसतं. हे मला आज कळतं. तेव्हा मला माझ्यासारखीच सगळी माणसं दिसत होती.

मी केस सोडले. हुंकार दिला, अंग घुसळलं. मच्छिंद्रने पायावर डोकं ठेवून विचारलं, "आई, माज्या पोराला कुनी खाल्लं?" मी डोळे मिटून म्हटलं, "घरातलीच हाय. धाकटी हाय. आदी नवरा खाल्ला, आता गावची पोरं खाती."

पहिला दगड ताईबाईने मारला. तो रंभाच्या कपाळाला लागला. रंभाने जाईचं तोंड पदराखाली घेतलं आणि मला म्हणाली, "आक्का, डोळं उघडा आन् माज्याकडं बघून बोला."

मी डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांनी मी सगळं ऐकलं. तिचे केस धरून ओढलं ते, जाई रडत होती ते, "चेटकीण" हा शब्द बायकांच्या तोंडून, पुरुषांच्या तोंडून. भर दुपारी तिला अंगावरच्या लुगड्यानिशी वस्तीबाहेर काढलं. माझे यजमान खाली मान घालून उभे होते. पुढे संसारात दोनतीन वेळा त्यांनी "त्या दिवशी..." असं म्हणून माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्या दिवशी एकच दार उघडलं. आजच्या बौद्धवाड्यातल्या अनसाबाई ओव्हाळ यांनी तिला घरात घेतलं, जखम धुतली, तीन दिवस मायलेकींना जेवू घातलं आणि नवऱ्याला सांगून गाडीने दौंडला त्यांच्या नात्यातल्या माणसांकडे पोचवलं. गावाने त्यांना त्रास दिला, त्यांच्या घराशी बोलणं तोडलं. मी काय केलं? मी पाणवठ्यावर म्हणाले, "बघा, तिला आता तिथलंच आन्न गोड लागतंय." अनसाबाई आज नाहीत. त्यांचा मुलगा बबनराव दवाखान्यात ड्रेसर आहे आणि या कागदाचा साक्षीदार म्हणून आत्ता समोर बसला आहे. वरचं वाक्य त्याच्यादेखत सांगताना माझी जीभ वळेना, म्हणून गुरुजींना दोनदा विचारावं लागलं. बबनराव म्हणाला, "लिवा गुरुजी. आमाला ठाऊकच हाय ती काय म्हनली व्हती."

आणखी एक आहे. ते सांगायला मला सगळ्यात जड जातं. गेनू गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून ताईबाई दर मार्गशीर्ष अमावास्येला माझ्याकडे नारळ घेऊन येते. मी चेटकीण दाखवून दिली आणि तिच्या पुढच्या दोन मुली वाचल्या, असं ती मानते. ती नारळ ठेवते, माझ्या पायाला हात लावते आणि म्हणते, "तुमी व्हता म्हनून, बाई." पंचवीस नारळ झाले. फोडून आम्ही तो वाटून खातो. खोबरं मला गिळत नाही, असं मी म्हणणार होते, पण ते खोटं होईल. पहिली दोनतीन वर्षं गिळलं नाही. मग गिळायला लागलं.

कलम ७. दुष्काळाच्या वर्षी, १९७३च्या उन्हाळ्यात, मी बबनरावाकडून पत्ता घेऊन दोन एसट्या बदलून दौंडला गेले. पिशवीत बाजरीचं पीठ, गूळ आणि एक लुगडं होतं. रंभा रेल्वेच्या वसाहतीमागे एका खोलीत राहते. एका खाजगी बाळंतगृहात आया आहे. जाई शिकली, तिचं लग्न झालं, कुर्डुवाडीला असते. मी दारात उभी राहिले. तिने ओळखलं. कपाळावर भुवईच्या वर पांढरा वण होता.

तिने पाणी दिलं. मी म्हटलं, "रंभे, म्या लई मोठं पाप केलं. त्या दिवशी वारं आलंच न्हवतं."

ती म्हणाली, "ठाऊक हाय."

"मला माफ कर."

पूर्वी ती मला अहोजाहो करायची. त्या दिवशी ती माझ्याशी एकेरीत बोलली आणि मला ते योग्यच वाटलं. म्हणाली, "आक्का, तवा तू साऱ्या गावाफुडं बोललीस. आन् आता हितं, माज्या खोलीत, दार लोटून सांगतीस व्हय? मला सांगून काय उपेग? मला तर पयल्यापास्नं ठाऊक हाय. ज्याला ठाऊक न्हाई त्याला सांग. ताईबाईला सांग. तिचं पोर गेलं आन् तिनं सारा जलम भलतीवर राग धरला."

मी म्हटलं, "तिला कसं सांगू? चाटण तिच्या बोटानं दिलं व्हतं. ती आपलं बोट तोडून घेईल."

"आसं?" रंभा म्हणाली. "म्हंजी तू तिच्यासाठी गप बसलीस?"

निघताना मी विचारलं, पाला देतेस का कोणाला. ती म्हणाली, "त्या दिसापास्नं न्हाई. दारातल्या तुळशीचं पान सुदिक खुडत न्हाई." सासूबाईंनी जिच्या हातात सगळं ठेवलं, तिचे हात मी असे रिकामे केले. पिशवी तिने परत दिली. पीठ, गूळ, लुगडं, तसंच घेऊन मी न्हावऱ्याला उतरले. आणि त्यानंतरही मी ताईबाईचे चार नारळ घेतले.

कलम ८. मारुतराव दूध सोसायटीचा चेअरमन आहे. त्याला मी हे सगळं गेल्या आठवड्यात सांगितलं. त्याने गोठ्याचा खांब धरला. मग म्हणाला, "आये, काकीचा वाटा तिला दे, माजी ना न्हाई. पन कारण कशाला लिवतीस? 'मायेपोटी दिली' आसं लिव. मला गावात फिरायचंय. उद्या पोरं शाळंत जातील."

मी एक अख्खा दिवस त्याच्या बोलण्याचा विचार केला. मायेपोटी, हा शब्द सोयीचा होता. पण कारण लिहिलं नाही तर गाव काय म्हणेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. गाव म्हणेल, चेटकिणीने मरणाऱ्या बाईला भारून जमीन लिहून घेतली. म्हणजे मेल्यावरही मी तिच्यावर तोच आळ ठेवून जाईन. हे मी मारुतरावाला सांगितलं. तेव्हापासून तो बोलत नाही. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला जी आई ठाऊक होती ती मी त्याच्याकडून काढून घेतली आहे.

कलम ९. ~~माझ्या तेराव्याच्या दिवशी हा कागद देवीच्या देवळापुढे सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचावा.~~

वरचं कलम ९ मी खोडायला लावलं आहे. त्याचं कारण असं की, ते लिहून झाल्यावर बबनराव म्हणाला, "बाई, मेल्यावर वाचलं तर तुमाला कोन काय बोलनार? तुमी तर सुटलाच." गुरुजी त्याला दटावायला लागले. मी म्हटलं, नको, तो बरोबर बोलतो. मरणाच्या आडून सांगणं म्हणजे पुन्हा डोळे मिटून बोलणंच झालं. अमावास्या जवळ येते आहे आणि यंदाचा नारळ मला घ्यायचा नाही. म्हणून असं ठरवलं आहे की, हा कागद येत्या शुक्रवारी देवळापुढे मी हयात असताना वाचला जावा आणि मी तिथे बसावं, तोंडावर पदर न घेता. आणि त्याच्याआधी, सही करण्यापूर्वी, आज आत्ता ताईबाईला बोलावून तिला वाचून दाखवावा.

दुसरे साक्षीदार म्हणून आमचे चुलतभाऊबंद यायचे होते. त्यांनी सकाळी निरोप पाठवला की अंगात कणकण आहे. मारुतरावाने त्यांना सांगितलं असेल. ती जागा रिकामी ठेवून ललिताला पवारवस्तीवर पाठवलं आहे.

लिहिणाराची नोंद. पुढचा मजकूर मी, शंकरराव, माझ्या शब्दांत लिहीत आहे, कारण सारजाबाई यांनी "आता तुम्ही बघाल तेच लिहा" असं सांगितलं.

ताईबाई भ्र. मच्छिंद्र पवार, वय सुमारे पन्नास, या दुपारी दोनच्या सुमारास आल्या. आल्याबरोबर त्या नेहमीप्रमाणे सारजाबाईंच्या पाया पडायला वाकल्या. सारजाबाईंनी पाय मागे घेतले आणि म्हणाल्या, "आदी ऐक, ताई." मी पहिल्या ओळीपासून वाचलं. सहावं कलम सुरू झाल्यावर ताईबाई माझ्याकडे बघायच्या थांबल्या आणि सारजाबाईंकडे बघू लागल्या. चाटणाची ओळ आली तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

त्या म्हणाल्या, "परत वाचा."

मी परत वाचलं. त्यांनी उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत धरलं. म्हणाल्या, "माज्या बोटानं?"

सारजाबाई म्हणाल्या, "बोट तुजं, इख माजं. तुला ठाऊक न्हवतं. मला ठाऊक व्हतं आन् म्या गाडी आडवली."

ताईबाई उठून पडवीत गेल्या. तिथे त्या जमिनीवर बसल्या. ललिता पाणी घेऊन गेली, ते त्यांनी घेतलं नाही. आम्ही चौघांनी वाट पाहिली. अर्धा पाऊण तास गेला असेल. मला वाटलं त्या निघून गेल्या. मग त्या आत आल्या, उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "गुरुजी, ऱ्हायलेलं वाचा." मी शेवटपर्यंत वाचलं. सारजाबाई मान वर करून बसल्या होत्या. दोघींच्या मधे तीन हातांचं अंतर होतं, ते दोघींपैकी कोणीही कमी केलं नाही.

वाचून झाल्यावर सारजाबाईंनी आम्हा सर्वांसमोर डाव्या हाताचा अंगठा उठवला. खोडलेल्या कलमाशेजारीही उठवला. मग बबनराव यांनी सही केली. साक्षीदाराची दुसरी जागा रिकामी होती. ताईबाईंनी विचारलं, "ही जागा कुनाची?" मी सांगितलं, ज्याने हे होताना पाहिलं त्याची. त्यांनी शाईची डबी स्वतः पुढे ओढली आणि अंगठा उठवला.

त्यानंतर त्या म्हणाल्या, "रंभाचा पत्ता मला येगळ्या कागदावर लिवून द्या."

मी लिहून दिला. त्यांनी तो घडी करून कमरेला खोचला आणि बबनरावांना दौंडच्या गाडीची वेळ विचारली. सकाळी सात वाजता आहे, असं त्यांनी सांगितलं.

सारजाबाई म्हणाल्या, "ताई, मी येऊ का संगं?"

ताईबाई उंबऱ्यापर्यंत गेल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "न्हाई. तिच्यापाशी माजं मला जाऊ द्या. तुमचं काम शुक्कीरवारी देवळाफुडं हाय."

एवढं सर्व माझ्यासमोर घडलं, ते मी खरं लिहिलं आहे.

ठिकाण: कोळपेवस्ती, न्हावरे, तालुका शिरूर
दिनांक: १२ डिसेंबर १९७७, वार सोमवार

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: सारजाबाई भ्र. हौसराव कोळपे, कागद करणार

साक्षीदार:
१. सही: बबनराव धर्माजी ओव्हाळ, राहणार न्हावरे
२. निशाणी डाव्या हाताचा अंगठा: ताईबाई भ्र. मच्छिंद्र पवार, राहणार पवारवस्ती, गेनूची आई

हस्ताक्षर: शंकरराव गुरुजी, निवृत्त शिक्षक